चातुर्मासाचा नेम आणि कालनिर्णयावरचे खाडे

१७ जुलै २०२४ रोजी, आषाढी एकादशीच्या दिवशी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी हॉलमधला टिपॉय भिंतीकडे सरकवला, चटई अंथरली आणि तीन सूर्यनमस्कार, दहा बैठका व भिंतीला हात टेकून दहा जोर एवढा व्यायाम केला. त्याला एकूण सात मिनिटे लागली. त्या दिवसाला आता जवळपास दीड वर्ष होत आले आहे, आणि मधला एक पडता काळ सोडला तर तो व्यायाम अजून चालू आहे, वाढला आहे, आणि त्यासाठी मी कोणत्याही जिमला पैसे भरलेले नाहीत. याआधी माझे असे किमान चार प्रयत्न महिन्याभराच्या आत बंद पडले होते. म्हणूनच या वेळी नेमके काय वेगळे घडले, ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

आधीच्या प्रयत्नांविषयी थोडक्यात सांगते. काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात मी घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर असलेल्या एका जिमची बारा महिन्यांची फी एकरकमी भरली आणि तिथे एकूण एकोणीस दिवस गेले. तिथली साधने चांगली होती आणि शिकवणारेही मन लावून शिकवत. परंतु जाण्यायेण्याची चाळीस मिनिटे, कपडे बदलणे आणि परत येऊन तीन डबे भरून आठ वाजताची लोकल गाठणे, हे गणित कधीच जमले नाही. त्यानंतर २०२०च्या टाळेबंदीत, प्रवासाचा वेळ पूर्णपणे वाचलेला असताना, मी मोबाइलवर चित्रफिती पाहून रोज चाळीस मिनिटे व्यायाम सुरू केला. पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारल्या, दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठड्याला धरावे लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात तो उपक्रम थांबला. सवय नसलेल्या व्यायामानंतर अंग धरते ते साधारण चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान सर्वाधिक दुखते आणि नंतर आपोआप ओसरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते; ते दुखणे म्हणजे व्यायाम आपल्याला मानवत नाही याची खूण आहे, असा अर्थ मी काढला.

२०२४च्या जून महिन्यात कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत माझे एचबीएवनसी ६.१ आले. ही चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवते; ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. माझे वय सत्तेचाळीस, वजन छप्पन्न किलो. आजवर सगळ्यांनी मला सडपातळ म्हणूनच ओळखले, त्यामुळे हा आकडा पाहून मी गोंधळले. डॉक्टरांनी तेव्हा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण दिले. या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलेच छायाचित्र छापून दाखवले होते की वजनाचा उंचीशी असलेला हिशेब, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ असूनही युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन देहांपैकी भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी अधिक, हे त्या एका चित्रातून स्पष्ट होते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलण्याचे मोठे काम स्नायूच करतात, आणि स्नायू काम करत असताना इन्शुलिनच्या मदतीवाचूनही काही साखर आत घेतात. त्यामुळे मला वजन कमी करायचे नसून स्नायू वाढवायचे आहेत, ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा समजली, आणि व्यायामाचा हेतू बदलल्यामुळे पुढची बरीच निराशा टळली. कारण वजनाचा काटा पुढे वर्षभर जवळपास तिथेच राहणार होता.

हेतू पक्का झाला तरी घरातल्या व्यायामाची खरी अडचण तशीच उरते, आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही, असे मला वाटते. सर्वसाधारण समज असा असतो की घरी व्यायाम होत नाही तो आळसामुळे. माझा अनुभव असा की घरात, विशेषतः घरातल्या बाईच्या बाबतीत, व्यायामाच्या वेळेला वेळ म्हणूनच कोणी मानत नाही. जिमला गेलेली व्यक्ती घराबाहेर असते, म्हणून तिला कोणी हाक मारत नाही. हॉलमध्ये चटईवर असलेली व्यक्ती मात्र घरातच असते. तिला कुकरची शिट्टी ऐकू येते, दाराची घंटा वाजली की तीच सर्वांत जवळ असते, मुलाला इस्त्रीचा शर्ट सापडत नसतो आणि ‘तू रिकामीच आहेस ना, जरा गॅस बंद कर’ हे वाक्य कोणत्याही वाईट हेतूशिवाय सहज बोलले जाते. पाच मिनिटांत तीनदा उठावे लागले की चौथ्यांदा परत बसण्याची इच्छा राहत नाही. मी अनेक वर्षे याला माझ्या मनाचा कमकुवतपणा समजत आले. वास्तविक जिमच्या फीमध्ये यंत्रांपेक्षाही मोलाची एक गोष्ट मिळत असते, ती म्हणजे तासाभरासाठी सर्वांनी मान्य केलेली अनुपस्थिती. तालमीत जाणाऱ्या मुलांनाही तेच मिळते. शिवाय तिथे न आलेल्याची विचारपूस करणारा वस्ताद असतो. घरी यातले काहीच आयते नसते, आणि ते उभे केल्याशिवाय नुसत्या उत्साहावर व्यायाम टिकणे फार कठीण आहे.

यावर उपाय सुचवला तो आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. आषाढीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यापाशी डॉक्टरांचे बोलणे सांगत होते आणि आपल्याला व्यायाम कधीच कसा जमत नाही याची तक्रार करत होते. त्या म्हणाल्या, “अगं, उद्यापासून चातुर्मास लागतोय. त्याचाच नेम धर की.” मला ते क्षणभर विचित्र वाटले. नेम म्हणजे वांगे वर्ज्य करणे, पोथी वाचणे, एकभुक्त राहणे, एवढेच माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी मग स्वतःच्या गोपद्मांची आठवण सांगितली. लग्नानंतर त्यांनी गोपद्मांचे व्रत केले होते: चातुर्मासात रोज देवापुढे तेहतीस गोपद्मे रांगोळीने काढायची, आणि असे पाच वर्षे करायचे. दोन-तीन मिनिटांचे काम. पण ते दोन-तीन मिनिटांचे होते म्हणूनच बाळंतपण, दिरांचे लग्न, गावची शेती आणि पाहुण्यांचा राबता यांतून पाच वर्षे पार पडले. परगावी जाताना त्या रांगोळीची डबी पिशवीत घेत आणि तिथल्या पाटावर गोपद्मे काढत. अडचणीच्या दिवसांत शेजारच्या काकू त्यांच्या वतीने काढत. “नेम लहानच घ्यायचा, म्हणजे तो कुठेही नेता येतो,” असे त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य मी तेव्हापासून धरून ठेवले आहे.

नेम या शब्दाने घरात काय बदलले, ते मी दुसऱ्या दिवसापासून पाहिले. आपल्याकडे पोथी वाचत असलेल्या माणसाला कोणी मध्येच हाक मारत नाही. जप चालू असेल तर दारात आलेल्यालाही खुणेने थांबवले जाते. आईंनी सकाळी घरात एवढेच सांगितले की सहा दहा ते सहा पंचवीस तिचा नेम आहे, आणि त्या पंधरा मिनिटांना देवघरातल्या वेळेसारखा मान मिळाला. पतींनी आपला चहा आपण करून घ्यायला सुरुवात केली. मुलगा त्या वर्षी दहावीला होता. तो दार उघडू लागला. मी जी गोष्ट ‘माझ्या तब्येतीसाठी मला वेळ द्या’ अशा विनवणीने वर्षानुवर्षे मागत होते आणि मागताना स्वतःच संकोचत होते, ती नेमाच्या एका शब्दाने न मागता मिळाली. हे योग्य आहे का, बाईच्या आरोग्याला धर्मकृत्याचा आधार का लागावा, हा प्रश्न मला पडतो आणि तो रास्त आहे. तरीही आपल्या घरांमध्ये वेळ राखून ठेवण्याची जी रीत आधीच रुजलेली आहे, तिचा उपयोग करून घेण्यात मला कमीपणा वाटत नाही.

सात मिनिटांनी काय होणार, असे अनेकांनी विचारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. सात दिवसांची माझी एकोणपन्नास मिनिटे त्यात कुठेच बसत नव्हती. परंतु त्याच शिफारशींमध्ये एक महत्त्वाचा बदल झालेला आहे: हालचाल सलग किमान दहा मिनिटांची असेल तरच मोजावी, ही पूर्वीची अट काढून टाकण्यात आली. थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा बरी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत मला तंदुरुस्ती कमवायची नव्हती. मला रोज सहा दहाला चटईवर असण्याची सवय लावायची होती, आणि त्यासाठी सात मिनिटे पुरेशी होती.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाण्णव स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २००९च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चित्र निराळे दिसले. एखादी कृती आपोआप होऊ लागण्यासाठी लागलेला कालावधी माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता आणि त्याचा मध्यक, म्हणजे निम्म्या जणांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त दिवस लागतात तो आकडा, ६६ दिवसांचा निघाला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले. मला या अभ्यासातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटली ती अशी की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. चातुर्मास हा त्या दृष्टीने फार सोयीचा काळ आहे. २०२४मध्ये आषाढी १७ जुलैला आणि कार्तिकी १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे दोन्ही दिवस धरून एकशे एकोणीस दिवस. माझ्यासारखीला बावीसाव्या दिवशी आपण हरलो असे वाटू नये, इतका तो लांब आहे, आणि शेवट दिसतच नाही असे वाटू नये, इतका आखीव आहे.

नोंद ठेवण्यासाठी मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचाच उपयोग केला. आमच्याकडे दुधाचा हिशेब त्यावरच असतो. ज्यांच्या घरी असा हिशेब ठेवला जातो त्यांना ठाऊक आहे की दूध आले त्या दिवशी आपण काहीच लिहीत नाही. दूध आले नाही त्या दिवशी त्या चौकोनात खाडा लिहितो. व्यायामाचेही मी तसेच केले. अनेक जण केलेल्या प्रत्येक दिवशी बरोबरची खूण करण्याचा सल्ला देतात, आणि बरोबरच्या खुणांची लांबलचक रांग पाहून त्यांना हुरूपही येतो. माझ्या बाबतीत मात्र अशी रांग एकदा तुटली की सगळेच वाया गेल्यासारखे वाटत असे आणि पुढचे दिवस मी पेन हातातच घेत नसे. खाडे लिहिण्याच्या पद्धतीत व्यायाम हा नेहमीचा धरलेला असतो, दुधासारखा. नोंद होते ती अपवादाची. खाड्याच्या पुढे मी एका शब्दात कारण लिहू लागले: ताप, प्रवास, पाहुणे, उशीर. आणि एकच नियम ठेवला की सलग दोन खाडे होऊ द्यायचे नाहीत, ताप असेल तर तेवढा अपवाद. तापात व्यायाम करू नये. त्या एकशे एकोणीस दिवसांत माझे नऊ खाडे झाले, त्यांतले तीन तापाचे. उरलेल्या सहांपैकी चार ‘उशीर’ होते आणि चारही सोमवारी होते. रविवारी रात्री आम्ही उशिरा झोपतो, हे मला माहीत होतेच. त्याचा परिणाम असा लाल पेनाने चौकोनात लिहिलेला पाहिल्यावर मात्र रविवारचे जेवण साडेआठला होऊ लागले.

आता प्रत्यक्ष व्यायामाविषयी. सूर्यनमस्कारांनी सुरुवात करण्याचे कारण अगदी साधे होते: ते मला येत होते. शाळेत दर रथसप्तमीला मैदानावर ते घालून घेत, आणि बारा स्थितींचा क्रम अंगात मुरलेला होता. महाराष्ट्रात सूर्यनमस्कार शाळाशाळांतून पोहोचण्यामागे औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा आहे. ते स्वतः नित्य नमस्कार घालत आणि आपल्या संस्थानातील शाळांमध्ये त्यांनी तो परिपाठ सुरू केला. सहा बाय चार फुटांची जागा, कोणतेही साधन नको, आणि श्वास, पाठ, खांदे, पोटऱ्या सगळ्यांना एकत्र काम, असा दुसरा व्यायाम मला माहीत नाही. तरीही केवळ सूर्यनमस्कार पुरेत, असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. त्यात ढकलण्याचे काम आहे, ओढण्याचे नाही. पाठीचा वरचा भाग आणि दंडाचे पुढचे स्नायू त्यात फारसे वापरले जात नाहीत. मांड्यांवर येणारा भारही काही आठवड्यांत शरीराला सवयीचा होतो. स्नायू वाढायचे असतील तर त्यांच्यावरचा भार हळूहळू वाढत राहिला पाहिजे, आणि घरी व्यायाम करणाऱ्यांचा उत्साह मावळण्याचे एक मोठे कारण हेच आहे की ते महिनोन्महिने तेवढेच आणि तसेच करत राहतात. काहीच पुढे सरकत नसेल तर माणूस कंटाळणारच.

भार वाढवण्यासाठी यंत्रे लागत नाहीत, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते. जोर काढताना शरीर जितके उभे तितका हातांवरचा भार कमी. म्हणून मी भिंतीवरून सुरुवात केली, दोन महिन्यांनी ओट्याच्या कडेला हात टेकून, मग दिवाणाच्या कडेला, आणि साधारण आठव्या महिन्यात जमिनीवर पहिले तीन जोर काढले. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ते माझे पहिलेच होते. बैठकांसाठी आधी खुर्चीवर टेकून उठणे, मग खुर्चीशिवाय, आणि आता मुलाच्या जुन्या सॅकमध्ये तांदूळ भरून ती छातीशी धरून. ओढण्याच्या व्यायामासाठीही तीच सॅक उपयोगी पडते: एक हात दिवाणावर टेकून वाकायचे आणि दुसऱ्या हाताने सॅक जमिनीवरून कमरेपर्यंत ओढायची. एक किलोची पाकिटे टाकत गेले की भार नेमका किती वाढला हे वेगळे मोजावे लागत नाही. बारा वेळा सहज झाले की एक पाकीट वाढवायचे, एवढाच हिशेब मी ठेवते. ज्यांना गुडघ्यांचा, कमरेचा, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे. मीही विचारले होते.

काही बारीकसारीक गोष्टींनी मला अनपेक्षितपणे अडवले, त्या सांगण्यासारख्या आहेत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते आणि नमस्कारात हात पुढे टेकवताना मनगट दुखावते, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी रबरी चटई आणली. या सगळ्या उपक्रमात झालेला माझा हा जवळपास एकमेव खर्च. उड्यांचे व्यायाम मी एकाच सकाळी केले, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या आणि पहाटे छत हादरते म्हणाल्या. त्यांचे म्हणणे योग्यच होते. दम लागण्यासाठी मी त्याऐवजी इमारतीचे चार मजले दोनदा चढू लागले आणि स्टेशनपर्यंतची पंधरा मिनिटे रिक्षाऐवजी चालत जाऊ-येऊ लागले. आठवड्याच्या पाच दिवसांची ती दीडशे मिनिटे झाली, आणि वर ज्या शिफारशीचा उल्लेख केला तिची खालची मर्यादा केवळ चालण्याने पूर्ण झाली. चटई मात्र मी गुंडाळून माळ्यावर ठेवत नाही, ती दिवाणामागे उभी असते. ती काढायला स्टूल लागले असते तर माझे निम्मे दिवस बुडाले असते, याबद्दल मला शंका नाही.

घरकाम हाच बाईचा व्यायाम, हे वाक्यही या काळात मी अनेकदा ऐकले. घरकामात हालचाल होते हे खरे आहे, आणि ती हालचाल आरोग्याच्या हिशेबात धरलीही जाते. पण केर-फरशी, धुणे आणि भांडी यांत वर्षानुवर्षे तेच स्नायू त्याच भाराने वापरले जातात. कंबर दुखते, दमायला होते, परंतु ताकद वाढत नाही. दमणे आणि सबळ होणे यांतला हा फरक आपल्या आधीच्या पिढीतल्या बायकांना कोणी सांगितला असता तर आज इतक्या जणींना जमिनीवरून उठताना आधार शोधावा लागला नसता, असे मला मनापासून वाटते.

मधल्या ज्या पडत्या काळाचा मी सुरुवातीला उल्लेख केला, तो नेम संपल्यावर आला. कार्तिकी एकादशी झाली, आईंनी आग्रहाने उद्यापन म्हणून शेजारच्या दोघींना जेवायला बोलावले, आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत माझे तेरा खाडे झाले. लग्नसराई होती, सकाळी अंधार असे, थंडीत चटई गार लागे. पण ही सगळी कारणे वरवरची होती. व्रताला शेवट असतो, आणि शेवट झाला असे घराने आणि माझ्या मनाने एकदमच मान्य केले होते. चार महिन्यांत सवय पक्की झाली असेल, हा माझा अंदाज चुकला होता. याच दिवसांत मी जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांच्या संशोधनाविषयी वाचले. ‘मी व्यायाम करीन’ एवढ्या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असा जोडून केलेला संकल्प माणसे अधिक पाळतात, असे त्यांनी दाखवले आहे. माझा संकल्प आजवर घड्याळाला बांधलेला होता, आणि घड्याळाकडे दुर्लक्ष करता येते. मी तो दुधाला बांधला. आमच्याकडे सव्वासहापर्यंत दुधाची पिशवी दाराला अडकवलेली असते. ती आत आणून फ्रिजमध्ये ठेवली की दुसरे काहीही करण्याआधी चटई अंथरायची. दूध रोज येते, सणाला येते, लग्नाच्या दिवशीही येते. डिसेंबरच्या मध्यापासून मी हे सुरू केले, आणि त्यानंतर आजपर्यंत सलग दोन खाडे केवळ एकदाच झाले आहेत, तेही गावी गेलेले असताना.

प्रगती कशाने मोजायची, हाही प्रश्न मला बराच काळ सतावत होता. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती प्रामुख्याने मज्जासंस्था आहेत त्याच स्नायूंचा वापर अधिक चांगला करू लागल्यामुळे. आरशात दिसण्याजोगा फरक त्यानंतर बऱ्याच उशिरा येतो, आणि माझ्या वयाला तो फारसा येतही नाही. आरसा आणि वजनकाटा या दोन्हींवर अवलंबून राहिले असते तर मी सप्टेंबरमध्येच थांबले असते. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला मी तीन गोष्टी लिहून ठेवते: सलग बैठका किती, सलग जोर किती आणि ते कोणत्या उंचीवर, आणि चौथा मजला चढून आल्यावर बोलताना दम लागतो की नाही. आठ महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा तपासले तेव्हा ते ५.८ होते. या काळात मी रात्रीचा भात कमी केला आणि संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा केला, त्यामुळे त्यातले श्रेय व्यायामाला किती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही.

सोबतीची गोष्ट राहिली. नेमाच्या तिसऱ्या महिन्यात आई एक दिवस स्वतःहून खुर्ची घेऊन माझ्या चटईशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मला काय करता येईल ते सांग.” त्यांना तेव्हा त्र्याहत्तरावे वर्ष चालू होते. वृद्धांच्या पायांतली ताकद पाहण्यासाठी एक सोपी चाचणी वापरतात: हात छातीशी घडी करून खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजायचे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रीला हे दहापेक्षा कमी वेळा जमले तर तिचा तोल जाऊन पडण्याचा धोका अधिक धरला जातो, आणि हाताचा आधार घेतला तर संख्या शून्य मानतात. आईंना पहिल्या दिवशी हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आले नाही. त्यांनी ते फार गंभीरपणे मनावर घेतले. खुर्चीवर दोन उशा ठेवून तिची उंची वाढवली, तेव्हा त्या हात न लावता चार वेळा उठल्या. दिवाळीनंतर एक उशी काढली, आणि रथसप्तमीला दुसरी. माझे जे तेरा खाडे झाले त्या दिवसांतही त्या एकट्या खुर्ची घेऊन बसत होत्या, हे मला नंतर कालनिर्णयावरून कळले, कारण त्या स्वतःचे खाडे निळ्या पेनाने लिहितात आणि त्या तीन आठवड्यांत निळे अक्षर एकच होते. डिसेंबरमध्ये मी पुन्हा चटई अंथरली त्यामागे गोल्वित्झर यांच्या संशोधनाइतकाच त्या एका निळ्या खाड्याचाही हात आहे.

या महिन्याच्या एक तारखेला आईंनी उशीशिवाय, हाताची घडी घालून, तीस सेकंदांत अकरा वेळा उठून दाखवले. माझ्या सॅकमध्ये सध्या सहा किलो तांदूळ आहेत आणि गेल्या गुरुवारी बारा बैठका सहज झाल्या. उद्या दूध आले की सातवे पाकीट टाकणार आहे.